संगमावर बदल, रात्री एक ते चार

विनंती क्रमांक अकराशे बेचाळीस.
कामाचं स्वरूप: संग्रहाच्या एजंटची नवी आवृत्ती.
सेवेत खंड: कुणाला जाणवणार नाही इतका.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत
पंप बनवणाऱ्या कंपनीचा दुसरा मजला.
शनिवार उलटून रविवार लागलाय,
एसीचा घोगरा आवाज, स्वेटर, मी.

दोन सर्व्हर आहेत आमच्याकडे.
माझ्या आधी इथे दिघे नावाचा गृहस्थ होता,
त्यानं नावं ठेवली मुळा आणि मुठा.
दोघींचं मिळून बाहेर दिसणारं नाव संगम.
लोक संगमावर येतात, फायली ठेवतात, नेतात,
आज कुठली नदी उत्तर देतेय
हे विचारायची कुणाला गरज पडत नाही.
एक वाहते, दुसरी निजून असते,
पहिली थांबली तर उठायचं, एवढ्या बोलीवर.

आणि हा एजंट.
तीन वर्षं ज्या फायलीला कुणी शिवलं नाही
ती तो रात्री उचलतो, तळघरातल्या स्वस्त डिस्कांवर नेऊन ठेवतो
आणि तिच्या जागी
एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा
तसं काहीतरी टाकून येतो.
नाव तेच, तारीख तीच,
कोपऱ्यात एक बारीक घड्याळ.
बघणाऱ्याला वाटतं, माणूस बसलाय.

क्रम चुकवायचा नाही.
आधी निजलेलीला नवं औषध, मग तिला उठवायचं,
ती नीट चालती झाली की दुसरीला निजवायचं.
जागीच्या अंगाला हात लावायचा नाही.
दिघ्यानं एकदा दोघींना एकदम घेतलं होतं.
सोमवारी सकाळी अख्खी कंपनी रुमालांनी भरलेली,
माणूस एक नाही.
दिघे आता बंगळुरात असतो म्हणतात.

एक वाजून दहा. मुठा तयार.
फोनवर कोंढव्यातून नौशाद तांबोळी,
खांद्यावर मुलगी, म्हणून कुजबुजत:
"आता फिरव."
फिरवलं.
बावीस सेकंद संगमावर कुणीच नव्हतं.
बावीस सेकंद मी मान वाकडी करून
हिरव्या दिव्याकडे बघत होते,
जशी दाराबाहेरच्या पावलांकडे.

मग मुठा बोलली.

आता चाचणी. कुठलीही जुनी फाईल उघडा,
असं कागदावर लिहिलंय. कुठलीही.
मी यादीत डोळे मिटून बोट ठेवलं:
इंपेलरचं ड्रॉइंग, एकोणीसशे शहाण्णव,
काढणार द. वा. आडकर.
दोनदा टिचकी. पांढरी खिडकी.
चार सेकंद. सात.
नौशाद म्हणाला, "आली?"
मी म्हटलं, "जिना चढतेय."

अकराव्या सेकंदाला आली.
स्कॅन केलेला पिवळा कागद, घडीची रेघ,
चहाचा अर्धा गोल,
आणि व्यासाच्या आकड्याशेजारी शिसपेन्सिलीत,
बारीक, डावीकडे कललेलं:
"हे माप पुन्हा बघा. माझी खात्री नाही. आडकर."

कुणी बघितलं का?
फाईल शेवटची उघडल्याची तारीख
ती स्कॅन झाली तीच.
आडकरांना मी ओळखत नाही. जेवणाच्या हॉलमधल्या
निवृत्तांच्या फोटोत असतील,
तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागे.
पंप मात्र झाला असणार.
कुठल्यातरी गावच्या विहिरीवर
एका शंकेच्या मापानं पाणी ओढत असेल,
किंवा नसेल.

"बोल ना," नौशाद.
"आली. उघडतेय."
"मग लिही पास, आणि मुळा घे."

मुळा घेतली. तीन वाजून चाळीसला दोघी नव्या झाल्या.
खाली भेगडे गेट उघडताना म्हणाले,
"झालं का मॅडम, काय ते?"
झालं.

फॉर्मवरचा शेवटचा रकाना: काही शंका राहिली का?
मी आधी "नाही" टाइप केलं.
मग ते खोडून आडकरांच्या फायलीचा पत्ता लिहिला,
डिझाइन विभागाला प्रत.
नाहीतरी ती उघडलीय आता,
तीन वर्षं तरी रुमालाखाली जाणार नाही.